‘बाचा’ आणि ‘वाचणे’ : एका मलय-इंडोनेशियन क्रियापदाचं मूळ आणि त्याची रूपं

प्रश्न थोडक्यात सांगते. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षक काकांची नात जकार्तात दुसरीत शिकते. तिच्या भाषेच्या वहीत एकाच पानावर त्यांना सहा शब्द दिसले : बाचा, मम्बाचा, दिबाचा, बाचाआन, तर्बाचा, बाचाकान. सगळ्यांचा संबंध वाचण्याशी. काका विचारतात, हे आपलंच ‘वाचणे’ आहे, की नुसता कानाचा भास? आणि या सहांमध्ये खरं क्रियापद कोणतं, बाकीच्यांचं काय करायचं, आणि आधी कोणतं रूप शिकायचं?

भास नाही, काका. मलयमधलं (इंडोनेशियन हे मलयचंच एक रूप) ‘बाचा’ आणि मराठीतलं ‘वाचणे’ ही दोन्ही संस्कृतच्या ‘वच्’ धातूची. मराठीने ते मलयला दिलेलं नाही. एकाच आजीची दोन नातवंडं वेगवेगळ्या घरी वाढावीत, तसं झालं आहे. खरं क्रियापद एकच, ‘बाचा’. बाकीचे पाच शब्द त्यालाच पुढे-मागे जोड लावून बनले आहेत, आणि प्रत्येक जोडाचं काम ठरलेलं आहे.

गेली एकोणीस वर्षं मी मलय आणि इंडोनेशियनमधून भाषांतराचं आणि दुभाष्याचं काम करते. या शब्दाने मला सुरुवातीला जितकं चकवलं तितकं क्वचितच कुणी चकवलं असेल, कारण ओळखीचा वाटतो म्हणून मी त्याच्याकडे नीट पाहतच नव्हते. आज माझं मत पक्कं आहे : या शब्दाच्या पोटात डोळा नाही, तोंड आहे. एवढं लक्षात ठेवलं की त्याची बहुतेक रूपं घोकावी लागत नाहीत.

आधी उच्चाराबद्दल. ‘मम्बाचा’ रोमन लिपीत लिहिताना पहिल्या ‘म’पुढे ‘ई’ (e) हे अक्षर येतं, पण त्याचा उच्चार बहुतेक वेळा आपल्या ‘अ’सारखाच असतो. तिकडे त्याला ‘पपत’ म्हणतात. आपल्याला हा स्वर आयता मिळालेला आहे. ‘च’ मात्र ‘चहा’तला घ्यायचा, ‘वाचणे’तला नाही. मराठी माणूस नेमका इथे अडखळतो, कारण ‘बाचा’ म्हणताना जीभ सवयीने ‘वाचणे’च्या ‘च’कडे जाते. मलेशियात शेवटचा ‘आ’ सैल पडून ‘बाचअ’ असं ऐकू येतं, इंडोनेशियात स्वच्छ ‘बाचा’.

आता मूळ. ‘वच्’ म्हणजे बोलणे. त्याचं प्रयोजक रूप ‘वाचयति’, म्हणजे बोलायला लावणे. ताडपत्रावरची अक्षरं मुकी असतात, त्यांना बोलायला लावायचं, हेच वाचन. आपलं ‘वाचणे’ इथून आलं. (‘जीव वाचला’ यातलं ‘वाचणे’ वेगळं, त्याचा या कुळाशी संबंध नाही. पण या दोघांच्या गोंधळाची एक आठवण पुढे सांगणार आहे.) मलयने संस्कृतची क्रियापदं त्यांच्या रूपांसकट घेतली नाहीत. तिने शब्दाचा मुख्य गड्डा उचलला, ऱ्हस्व-दीर्घ सोडून दिलं आणि वर आपले प्रत्यय चढवले. भाषा झाली ‘बाहासा’, कथा झाली ‘काता’ (अर्थ ‘शब्द’), चरित झालं ‘चरिता’ (अर्थ ‘गोष्ट’), आणि विचार झाला ‘बिचारा’, ज्याचा अर्थ आज ‘बोलणे’. त्यामुळे ‘बाचा’ नेमकं ‘वाचा’पासून की ‘वाचय’पासून, या वादात मी फार वेळ घालवत नाही. आकार ‘वाचा’शी जुळतो, अर्थ ‘वाचय’शी, आणि दोन्हींची आई एकच.

मग ‘व’चा ‘ब’ कसा झाला? काही जण म्हणतात, हिंदीत ‘चिट्ठी बाँचना’ आहे, तिथूनच हा ‘ब’ गेला असणार. मला ते पटत नाही, आणि पटत नाही याचं कारण एका दगडावर कोरलेलं आहे. दक्षिण सुमात्रात पालेमबांगजवळ केदुकान बुकित इथे १९२० साली एक शिलालेख सापडला. तो सातव्या शतकाच्या अखेरचा, श्रीविजय राज्याच्या काळातला, जुन्या मलय भाषेतला आणि पल्लव लिपीतला आहे. आज तो जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. नदीकाठी मिळावा तसा ओबडधोबड गोल धोंडा. पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्याचं लिप्यंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. सुरुवातच ‘स्वस्ति श्री शकवर्षातीत’ अशी आहे. पुढे शकाचा आकडा, आणि मग ‘एकादशी शुक्लपक्ष वुलन वैशाख’. आपल्या पंचांगातली ओळ, मध्ये फक्त एक परका शब्द, ‘वुलन’. हा ‘वुलन’ म्हणजे आजच्या मलयमधला ‘बुलान’, म्हणजे चंद्र किंवा महिना. कोरणाऱ्याने ‘ब’च्या जागी ‘व’ लिहिला आहे. पुढे सैन्यासाठी संस्कृत ‘बल’ शब्द येतो, तोही ‘वल’ असाच कोरलेला. म्हणजे त्या लेखकाच्या जिभेवर आणि छिन्नीत ‘ब’ आणि ‘व’ वेगळे नव्हते. संस्कृतातून ‘व’चा शब्द आला की मलय तोंडात त्याचा ‘ब’ होणार हे ठरलेलंच. विचार ‘बिचारा’ झाला, वृत्त ‘बरिता’ (बातमी) झालं, व्यय ‘बिआया’ (खर्च) झाला, वंश ‘बांग्सा’ (राष्ट्र) झाला, विचक्षण ‘बिजाक्साना’ (शहाणा) झाला. ‘बाचा’ याच रांगेत बसतो. हिंदीला मध्ये आणायची गरज नाही.

याच धोंड्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याला पुढे लागणार आहे. राजा सैन्य घेऊन निघाला, या वाक्यात ‘घेऊन’साठी ‘ममाव’ हा शब्द आहे. आज त्यालाच ‘मम्बावा’ म्हणतात. म्हणजे ‘मम्बाचा’मधला तो पुढचा ‘मम्’ तेराशे वर्षांपूर्वीही होता.

पण ‘वच्’चं कुळ मलयमध्ये एकाच वाटेने आलेलं नाही. ‘ब’वाले शब्द जुन्या थरातले. नंतर जावानीज भाषेच्या आणि पंडिती वळणाच्या वाटेने ‘व’ जपलेले शब्द आले : वार्ना (वर्ण, आज रंग), वानिता (वनिता), वार्ता, आणि ‘वाचाना’. हा ‘वाचाना’ म्हणजे आपलं ‘वचन’. इंडोनेशियनमध्ये त्याचा अर्थ प्रवचन, चर्चा, भाषाशास्त्रातला ‘संवादपाठ’. आजची तरुण मंडळी मात्र कुणी नुसतेच बेत करत राहिला की ‘चुमा वाचाना’ म्हणतात, म्हणजे बोलाचीच कढी. जावातल्या सालातिगा गावातल्या विद्यापीठाच्या नावात ‘सत्य वाचाना’ आहे, म्हणजे दिल्या शब्दाला जागणारं. तेव्हा वाचन आणि वचन ही जोडी जशी आपल्याकडे आहे, तशीच तिकडे ‘बाचाआन’ आणि ‘वाचाना’ आहे. फक्त एकाचं पहिलं अक्षर बदललं, दुसऱ्याचं तसंच राहिलं. जावानीजमध्ये तर मूळ शब्दच ‘वाचा’ आहे आणि क्रियापद ‘माचा’ : पुढे लागलेल्या अनुनासिकाने ‘व’ गिळून टाकला. तिथल्या गाऊन म्हणायच्या छंदोबद्ध काव्याला ‘माचापात’ म्हणतात. लोक त्याची फोड ‘माचा पापात-पापात’, म्हणजे चार-चारांनी वाचणे, अशी करतात. ही लोकव्युत्पत्ती आहे, पण काव्य ‘वाचायचं’ म्हणजे गळ्यावर घ्यायचं, हे जावानीज माणसाला किती स्वाभाविक वाटतं ते तिच्यातून दिसतं.

एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. ‘लिहिणे’ला मलयमध्ये ‘तुलिस’ म्हणतात आणि तो शब्द पूर्ण घरचा, ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मलयच्या स्वतःच्या भाषाकुळातला. त्यात रेखाटणेही येतं. मेणाच्या कलमाने हाताने काढलेल्या बातिकला आजही ‘बातिक तुलिस’ म्हणतात. म्हणजे रेघा ओढायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण त्या रेघांतून आवाज काढायचा, ही कला भारतीय लिपीबरोबर आली आणि तिचं नावही बरोबर आलं. अक्षर (‘आक्सारा’), पुस्तक (‘पुस्ताका’), शास्त्र (‘सास्त्रा’, आज साहित्य) हे त्याच गाठोड्यातले. पुढचं सामान अरबांनी आणलं : ‘कर्तास’ म्हणजे कागद, ‘दावात’ म्हणजे शाई. हा ‘दावात’ आपल्या ‘दौत’चा सख्खा भाऊ. आपल्याकडे भांड्याला नाव राहिलं, तिकडे आतल्या द्रवाला.

आता तोंडाचा मुद्दा. योग्याकार्ताला शिकायला होते तेव्हा ज्यांच्या घरी राहत होते त्या इबू (बाईमाणसाला आदराने ‘इबू’ म्हणतात, शब्दशः आई) दर गुरुवारी संध्याकाळी चटई अंथरून बसायच्या. शेजारच्या चार-पाच जणी यायच्या. गुरुवारची रात्र म्हणजे त्यांच्या हिशेबाने ‘मालाम जुमात’, शुक्रवारची रात्र. मी विचारलं, काय करताय? म्हणाल्या, ‘बाचा यासिन.’ म्हणजे कुराणातला यासीन हा अध्याय. पुस्तक मांडीवर बंदच होतं. एकीच्या हातात तर पुस्तकही नव्हतं. डोळे मिटून, एका लयीत सगळ्या म्हणत होत्या. अरबी कळतं का, असं मी भोळेपणाने विचारलं. इबू म्हणाल्या, अर्थ थोडा थोडा, पण ‘बाचा’ तर येतं. मला त्या क्षणी श्रावणातली आमच्याकडची पोथी आठवली. आजी ‘पोथी वाचायला बसली’ म्हणायची तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ऐकायला बसायचं असायचं. मनातल्या मनात पोथी वाचून चालत नसे. मलयमध्ये मंत्र, दुआ, अध्याय यांच्यासाठी ‘बाचा’ वापरतात तेव्हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाकडे परत गेलेला असतो : आवाज देणे. (कुराण शिकण्या-म्हणण्याला ‘मङाजी’ हा वेगळा शब्दही आहे.) उलट, मुक्याने वाचायचं असेल तर मलय भाषेला मुद्दाम सांगावं लागतं : ‘मम्बाचा दालाम हाती’, मनातल्या मनात वाचणे. ‘हाती’ म्हणजे खरं तर यकृत, आणि तेच त्यांचं भावना बसवायचं ठिकाण.

हस्तलिखितांच्या काळात तर वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक हेच चित्र होतं. ‘सजाराह मलायू’ या मलय राजवंशाच्या बखरीत मलय द्वीपकल्पावरच्या मलाक्का राज्याच्या शेवटच्या रात्रीचा प्रसंग आहे. १५११. गोवा घेऊन वर्षही झालेलं नाही आणि पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कचं आरमार मलाक्कासमोर उभं आहे. सकाळी लढाई. तरुण सरदार राजवाड्यात जमलेत. नुसतं बसून काय करायचं, युद्धाची एखादी कथा वाचू, म्हणजे उपयोग होईल, असं ठरतं. ते सुलतानाकडे मुहम्मद हनफियाची कथा मागतात. सुलतान आधी अमीर हमझाची देतो, कारण हनफियाइतकं शौर्य तुमच्यात असेल का याची मला शंका आहे, असा त्याचा निरोप. तरुण हिरमुसतात, परत निरोप पाठवतात, आणि अखेर हनफियाची पोथी मिळते. त्या दालनात पोथी एकच होती, आणि ‘मम्बाचा’ सगळे मिळून करणार होते. शब्दाचा अर्थ समजून घ्यायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही. पुढे १९व्या शतकात बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) पेचेनोंगान भागात हस्तलिखित कथा भाड्याने देणारी घरं होती. त्यांचे मालक पोथीतच वाचकांना विनवणी लिहून ठेवत, की बाबांनो, पानाची पिंक उडवू नका, दिव्याचं तेल सांडू नका. पानाचा डबा आणि दिवा मध्ये ठेवून, घोळक्यात बसून वाचलेल्या पोथीचंच हे दुखणं.

आता नातीच्या वहीकडे येऊ.

‘मम्बाचा’ : कर्ता करतो आहे असं सांगायचं असलं की पुढे ‘म’ आणि अनुनासिक लागतं. साया मम्बाचा बुकू, मी पुस्तक वाचते. हे अनुनासिक कोणतं येणार? आपल्याला शाळेत परसवर्ण शिकवलेला असतो : अंकमध्ये ङ्, अंतमध्ये न्, अंबमध्ये म्. मलयचा नियम जवळजवळ तोच. पवर्गापुढे म्, तवर्गापुढे न्, कवर्गापुढे ङ्. वर एक भर आहे : वर्गाचं पहिलं, कठोर व्यंजन असलं तर ते अनुनासिकात विरून जातं, मृदू असलं तर टिकतं. पुकुल (मारणे) याचं ममुकुल, तुलिसचं मनुलिस, किरिम (पाठवणे) याचं मङिरिम, सापू (झाडणे) याचं मन्यापू. पण बाचाचं मम्बाचा, ‘ब’ मृदू म्हणून शाबूत. (‘च’ कठोर असूनही टिकतो, तेवढा अपवाद.) वर्गात हे मी परसवर्णाच्या भाषेत सांगते तेव्हा मराठी विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत कळतं.

याचा व्यवहारात उपयोग असा की तिकडचे शब्दकोश मूळ शब्दावर लावलेले असतात. ‘मम्बाचा’ म मध्ये शोधू नका, ब मध्ये शोधा. ‘मनुलिस’ त मध्ये. कधी दोन मुळांची शक्यता असते : ‘मङुकुर’ म्हणजे मोजणे (मूळ उकुर), पण नारळाबरोबर आला तर खवणे (मूळ कुकुर). ‘बाचा’ने मात्र हा त्रास कधी दिला नाही.

‘दिबाचा’ : वाचलं जातं. बुकू इतू दिबाचा ओलेह आली, ते पुस्तक ‘अली’ नावाच्या मुलाकडून वाचलं जातं. एवढं कळलं की लोक निश्चिंत होतात, आणि तिथेच चुकतात. कारण कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर ‘दि’ लागत नाही. वस्तू आधी येते, आणि मग कर्ता नुसत्या ‘बाचा’ला चिकटून येतो : बुकू इतू सुदाह साया बाचा, ते पुस्तक मी वाचलं आहे. सुरुवातीच्या काळात मी एका मजकुरात ‘मी वाचलेलं पुस्तक’ याचं ‘बुकू यांग साया मम्बाचा’ केलं होतं. तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी ‘मम्’वर काट मारली आणि बाजूला काहीच लिहिलं नाही. मला दोन दिवस कळेना. मग ‘मी पुस्तक वाचलं’ या आपल्याच वाक्याकडे नीट पाहिलं. तिथे क्रियापद ‘मी’ला विचारत नाही, पुस्तकाला विचारतं : पुस्तक वाचलं, पोथी वाचली, लेख वाचला. व्याकरणं वेगळी आहेत, पण वाक्याचा तोल वस्तूकडे झुकण्याची जाणीव आपल्याला जन्मतः आहे. मलयमध्ये वस्तू पुढे आली की कर्त्याची खूण असलेला ‘मम्’ गळायलाच हवा. बुकू यांग साया बाचा. मराठी माणसाने हे इंग्रजीच्या वाटेने शिकू नये, उगाच अवघड होतं.

हा ‘दि’ शब्दाला जोडून लिहायचा. ‘दि रुमाह’ (घरी) यातला स्थळ दाखवणारा ‘दि’ वेगळा, तो तोडून लिहायचा. इंडोनेशियन लोकांच्याही लिहिण्यात ही चूक पाट्यापाट्यांवर दिसते, तेव्हा नातीची झाली तर रागवू नका.

‘बाचाकान’, आणि पूर्ण रूपात ‘मम्बाचाकान’ : हे माझं सगळ्यात लाडकं रूप. ‘कान’ लागला की वाचणं दुसऱ्यासाठी होतं. मराठीत याला अगदी नेमका जोड आहे, ‘वाचून दाखवणे’. इबू मम्बाचाकान चरिता उन्तुक आनाक्न्या, आई मुलाला गोष्ट वाचून दाखवते. १७ ऑगस्ट १९४५ ला सकाळी जकार्तात पगांग्साआन तिमुर रस्त्यावरच्या ५६ क्रमांकाच्या घरी सुकार्नोंनी स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हाचं क्रियापद हेच : मम्बाचाकान. ‘मम्बाचा’ नाही, कारण समोर ऐकणारे होते आणि त्यांच्यासाठीच ते वाचणं होतं. जकार्ताच्या बोलीत ‘कान’चा ‘इन’ होतो. झोपायच्या वेळी मुलं ‘बाचाइन दोंग, मा!’ म्हणून मागे लागतात. वाचून दाखव ना, आई.

आता ती आठवण. काही वर्षांपूर्वी एका बंदराच्या गावी रत्नागिरीकडच्या एका खलाशासाठी मी न्यायालयात दुभाषी होते. जहाजाच्या कागदपत्रांचं प्रकरण. त्या दिवशीच्या कामात लिहिलं होतं ‘पम्बाचाआन पुतुसान’, निकालाचं वाचन. निकाल जाडजूड होता. तिथे अशा वेळी दोन्ही बाजूंच्या संमतीने मधला भाग न वाचता ‘दिआंगाप दिबाचाकान’ म्हणतात, म्हणजे वाचून दाखवलं असं समजावं. न्यायाधीश तसं म्हणाले आणि मी घाईत त्याच्या कानाशी सांगितलं, ‘वाचलं असं धरलंय.’ त्याने माझा दंड पकडला. ‘वाचलो का, बाई?’ त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी विसरलेले नाही. निकालाचा शेवट अजून यायचा होता आणि मी त्याला चुकीच्या ‘वाचण्या’ची आशा दिली होती. निकाल नंतर त्याच्या बाजूने लागला, पण मधली पंधरा-वीस मिनिटं त्याने कशी काढली ते मी शेजारी बसून पाहत होते. तेव्हापासून न्यायालयात ‘वाचलं’ हा शब्द मी एकटा वापरत नाही. ‘वाचून दाखवलं’ म्हणते, आणि ते ‘दिबाचाकान’चं अधिक अचूक भाषांतरही आहे. घाईत मी ‘कान’ गाळला होता.

‘बाचाआन’ आणि ‘पम्बाचाआन’ यांत गल्लत होते. दुसरं म्हणजे वाचण्याची क्रिया, पहिलं म्हणजे जे वाचलं जातं ते. वस्तीवस्तीतल्या छोट्या सार्वजनिक वाचनालयांना इंडोनेशियात ‘तामान बाचाआन’ म्हणतात, शब्दशः वाचनाची बाग. मलेशियात ‘बाचाआन’ आणखी एका जागी भेटतो : विजेच्या मीटरवर आणि रक्तदाबाच्या यंत्रावर दिसणारा आकडाही ‘बाचाआन’. मराठीत तिथे आपण रीडिंगच म्हणतो. वाचणारा तो ‘पम्बाचा’. बातम्या देणारा ‘पम्बाचा बरिता’, आणि लेखक वाचकांना उद्देशून ‘सिदांग पम्बाचा’ म्हणतो, म्हणजे वाचकसभा. इथेही वाचक एकटा नाही, सभेत बसलेला आहे.

‘तर्बाचा’ला दोन चेहरे आहेत. एक, वाचता येण्याजोगं : तुलिसान दोक्तर तिदाक तर्बाचा, डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. दुसरा, नकळत वाचलं जाणं : सुरात इतू तर्बाचा ओलेह इबू, ते पत्र आईच्या वाचण्यात आलं. कुणाचा हेतू नव्हता, झालं. आपल्या ‘वाचण्यात आलं’मध्ये जो निर्हेतुकपणा आहे तोच इथे आहे. बोलीत याचं ‘कबाचा’ होतं. यावरूनच अलीकडे ‘कतर्बाचाआन’ असा लांबलचक शब्द घडवला आहे, मजकुराची सुवाच्यता किंवा सुबोधता. शिक्षणशास्त्राच्या लेखांत येतो, घरात कुणी बोलत नाही.

वहीत नसलेला पण तिला लवकरच भेटणारा एक जोडशब्द सांगते : ‘तान्दा बाचा’, वाचण्याच्या खुणा, म्हणजे विरामचिन्हं. आपण ती थांबण्याची चिन्हं मानतो, ते वाचण्याची मानतात.

काकांकडे जुनी पुस्तकं आली तर हाच शब्द वेगळ्या वेशात दिसेल. डच राजवटीत १९०१ पासून चालत आलेल्या लेखनपद्धतीत ‘च’साठी टी आणि जे ही दोन रोमन अक्षरं लिहीत. ब्रिटिशांच्या मलायात सी आणि एच. ऑगस्ट १९७२ मध्ये दोन्ही देशांनी मिळून लेखन सुधारलं आणि दोन्हीकडे एकटा सी राहिला. शब्द तोच, उच्चार तोच. आणखी पूर्वेला, फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये ‘च’ हा ध्वनीच घरचा नव्हता, तिथे हाच शब्द मलयच्या वाटेने जाऊन ‘बासा’ झाला, आणि अर्थ आजही ‘वाचणे’ हाच आहे.

काका, तुम्ही विचारलंत की सहांपैकी आधी कोणतं रूप शिकावं. व्याकरणाची पुस्तकं ‘मम्बाचा’ सांगतील. मी तुम्हाला ‘बाचाकान’ सांगते. रविवारी नातीचा व्हिडिओ कॉल आला की तिला तिची वही काढायला लावा आणि म्हणा : ‘तोलोंग बाचाकान उन्तुक काकेक.’ काकेक म्हणजे आजोबा. आजोबांना वाचून दाखव.